ताटातलं नाव

“वहिनी, ते नाव आता—”

एवढंच म्हणून उत्तमराव शिंकला. मग परत शिंकला. मग शिंकतच राहिला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, इस्त्रीच्या शर्टाची बाही तोंडावर धरलेली.

मी मिरचीच्या पोत्यावर बसून चहा पीत होतो आणि खरं सांगतो, मला लई बरं वाटत होतं.

गडहिंग्लजात उन्हाळ्याच्या दिवसांत मिरचीच्या डंकात उभं राहून कुणाला दम देऊ नये, एवढं त्या माणसाला कळायला पाहिजे होतं. डंक म्हणजे मिरची कांडायची गिरणीच. जात्याऐवजी लोखंडी मुसळांची रांग असते, धाडधाड वरखाली होणारी. हवेत तिखट असं तरंगतं की नव्या माणसाला धड श्वाससुद्धा घेता येत नाही, दम काय देणार?

“बाहेर चला भावोजी,” वैजयंतीवहिनी म्हणाल्या. त्यांना आयुष्यात कधी शिंक आलेली मी बघितली नाही. “व्हरांड्यात बसून बोला.”

“नको. हितंच बोलतो. मला टाइम नाही.” आणि परत तीन-चार शिंका.

डंक त्याच्या थोरल्या भावाचा, मारुतीचा. मारुती खराडे म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. तो अचानक गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, डंकाला आता कुलूप. वहिनींनी दिवस घातले आणि मग एका सकाळी पदर खोचून स्वतःच मशीनचा पट्टा चढवला. लोकांची मिरची कांडता कांडता घरची कांदा-लसूण चटणी पाकिटात भरायला लागल्या. पाकिटावर काय छापू, म्हणून मला विचारलं. मी फोटोवाला. म्हटलं, फोटो तुमचा, नाव तुमचं, अजून काय पाहिजे? ‘वैजयंती चटणी’. बघता बघता संकेश्वरापासून आजऱ्यापर्यंत दुकानादुकानात वहिनी लटकायला लागल्या.

आणि धाकट्या दिराच्या पोटात दुखायला लागलं. भाऊ होता तोवर हा ‘उत्तम्या’ होता. भाऊ गेल्यावर स्वतःला ‘उत्तमराव’ म्हणवून घ्यायला लागला.

“आम्ही मसाल्याची कंपनी काढतोय,” तो नाक पुसत म्हणाला. “कोल्हापूरचा पार्टनर हाय. नाव ‘वैजयंती मसाले’. तवा तुमची पाकिटं बंद करायची. आणि ह्या कागदावर सही करायची.”

“कसली?”

“जिवंत माणसाचं नाव मालाला लावायचं तर त्या माणसाची संमती मागत्यात म्हणं. वकिलानं सांगितलंय.”

“म्हंजे माझंच नाव तुम्ही लावणार आणि मीच ते लावायचं नाही?”

“तुमचं कुठलं? तुमचं नाव आक्काताई. आधारला आक्काताई, रेशनला आक्काताई, बँकेत आक्काताई. वैजयंती हे नाव आमच्या घरानं दिलंय, लग्नात, ताटातल्या तांदळात लिहून. घरानं दिलेली वस्तू घराची.”

“मंगळसूत्र पण घरानंच दिलंतं,” वहिनी म्हणाल्या. “ते बी काढून देऊ का?”

मी खो खो हसलो. उत्तमराव माझ्याकडे बघून काहीतरी खरमरीत बोलणार होता, पण शिंकच आली.

“सही करणार नाही,” वहिनी मिरचीत घमेलं खुपसत म्हणाल्या. “जावा आता. डोळं लाल झाल्यात.”

“नका करू. मी दुसरी वैजयंती आणतो.”

असं म्हणून तो गेला. आम्हा दोघांनाही काही कळलं नाही. वहिनी म्हणाल्या, “दुसरी वैजयंती म्हंजे? बाजारात मिळती का काय?”

मिळत होती. मला ते आठवड्याभरात कळलं.

उत्तमरावचा पोरगा विश्वजित. त्याचं लग्न ठरलं होतं, निपाणीची मुलगी, केतकी नाव, औषधनिर्माणशास्त्र शिकलेली. फोटो आणि शूटिंगची सुपारी द्यायला उत्तमराव माझ्या स्टुडिओत आला. मुजावर फोटो स्टुडिओ, एसटी स्टँडच्या मागं. गावात दुसरे फोटोवाले आहेत, पण खराड्यांच्या घरातलं लग्न बाबालाल मुजावरनं काढलं नाही तर लोक विचारतात, काय भांडण झालंय का?

“बाबालाल, एक काम मात्र नीट कर,” तो खुर्ची जवळ ओढून म्हणाला. “नाव ठेवायचा कार्यक्रम असतो बघ. नवरा ताटात तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. ते ताट नीट घे. अक्षर न् अक्षर वाचता आलं पाहिजे.”

“ते तर घरी देवापुढं होतं की. चार बायकांत.”

“आम्ही कार्यालयात ठेवलंय. स्टेजवर. मागं मोठा पडदा लावू, एलईडी. तू वरनं कॅमेरा धर, सगळ्या गावाला दिसू दे. पार्टनर पुढं बसणार हाय.”

“आणि नाव काय ठेवताय?”

त्यानं असं हसून दाखवलं, की माझ्या चहाच्या कपात माशी पडली असती तरी बरं वाटलं असतं.

“वैजयंती. लग्नानंतर लगेच सरकारी गॅझेटला देणार. मग कागदावर वैजयंती खराडे कोण? माझी सून. संमती देणार कोण? माझी सून. तुझ्या वहिनींना म्हणावं, आता आक्काताई चटणी काढा.”

“लई डोकं हाय तुझं उत्तमराव,” मी म्हणालो. आणि ते मी मनापासून म्हणालो. बदमाशी असली तरी चांगली केलेली बदमाशी मला ओळखता येते. माझा स्वतःचा त्यात थोडा हात आहे.

तो गेला आणि मी सरळ शेंडगे वकिलाला गाठलं. शेंडगे कोर्टात कमी आणि कोर्टासमोरच्या चहाच्या गाड्यावर जास्त सापडतो.

“वकील, माणसाचं नाव कुणाच्या मालकीचं असतं का रे?”

“नुसतं नाव? नाही. उद्या गल्लीतल्या चार पोरांचं नाव बाबालाल ठेवलं तर तू काय करणार?”

“पोरांची कीव करणार.”

“तेच की. पण धंद्याला लावलेलं नाव वेगळं. ज्यानं आधी लावलं, ज्याच्या मालाला लोक त्या नावानं ओळखतात, त्याचा हक्क मोठा. आणि स्वतःच्या नावानं सरळपणानं धंदा करणाऱ्याला सहसा कुणी अडवू शकत नाही.”

“म्हणजे वहिनी जिंकल्या.”

“जिंकतील. कधी, ते विचारू नको.” शेंडग्यानं बशीत चहा ओतला. “पंचाईत अशी की कागदावर त्या आक्काताई. समोरचा म्हणणार, हिचं नाव हे नव्हंच. त्यात त्याच घरात कागदावरची पक्की वैजयंती उभी केली आणि तिनं संमती दिली, तर भांडण वर्षानुवर्षं चालंल. तोवर दुकानादुकानात एक नोटीस फिरवली की झालं. पाकीट ठेवायला कोण धजावणार? बाई कोर्टात जिंकंल आणि बाजारात हरंल.”

“आणि घरात दुसरी वैजयंती झालीच नाही तर?”

“तर संमती देणार कोण? मग त्याला मी बघतो.” मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. “बाबल्या, तुझ्या तोंडावर ते तसलं हसू आलंय. लग्नात काही राडा करू नको.”

“मी? मी फक्त फोटो काढणार.”

आता फोटोवाल्याची एक गंमत सांगतो. लग्नात भटजीचं कुणी ऐकत नाही, नवरीच्या बापाचं तर नाहीच नाही. पण फोटोवाल्याचं सगळे ऐकतात. मी एकदा एका नवरदेवाच्या मामाला म्हटलं होतं, मामांनी ह्या फोटोत एका पायावर उभं राहायचं असतं. उभा राहिला. वर तोल गेला म्हणून मला सॉरी म्हणाला. कॅमेरा डोळ्याला लावला की तुमचा शब्द शास्त्र होतो.

लग्नाआधीचे फोटो काढायचे म्हणून मी विश्वजित आणि केतकीला सामानगडावर घेऊन गेलो. तिथल्या तटावर दोघांना बसवलं, उभं केलं, पळवलं. विश्वजित तसा भला पोरगा. वडिलांसमोर तोंडातून शब्द फुटत नाही एवढंच. केतकी मात्र सगळं टकाटका बघत होती. मी सांगितलं, हनुवटी वर कर, तर म्हणाली, “मामा, माझी हनुवटी एवढ्यावरच असते.” मला पोरगी तिथंच आवडली.

येताना मी म्हटलं, “आता एक फोटो डंकात. गावची ओळख म्हणून. हल्ली सगळे काढतात.”

कुणी काढत नव्हतं. पण फोटोवाला म्हणाला म्हटल्यावर दोघं आली.

आत पाऊल ठेवताच दोघांनाही शिंका. वहिनींनी मशीन थांबवलं, दोघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. “खावा, उतरतंय.” विश्वजितला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. पोरगा ह्यांच्याच मांडीवर वाढलेला. मारुतीला मूलबाळ नव्हतं.

“ह्या मोठ्या आई,” विश्वजितनं ओळख करून दिली. केतकी वाकून पाया पडली. वर बघितलं तर भिंतीवर पाकिटांची माळ. सगळ्यांवर वहिनी, आणि नाव.

“वैजयंती,” तिनं वाचलं. “किती छान नाव हो तुमचं.”

मी लेन्स पुसायला घेतली. लेन्स स्वच्छच होती.

“विश्वजित,” मी म्हटलं, “केतकीचं नाव काय ठेवणार रे लग्नात? पाटीवर टाकायला लागंल मला.”

तो बुटांकडे बघायला लागला. “ते... पप्पांनी ठरवलंय.”

“काय पण?” केतकीनं विचारलं. “मला पण सांग की. माझंच नाव आहे.”

“वैजयंती.”

तिनं माळेकडे बघितलं. मग वहिनींकडे. “मोठ्या आईंचं? मग मोठ्या आई काय करणार?”

“पप्पा म्हणत्यात त्या आक्काताई...”

“तू काय म्हणतोस?”

विश्वजित गुळाचा खडा चघळत राहिला.

वहिनीच बोलल्या. “घे बाई. नाव चांगलंच हाय. तुझी काय चूक हाय त्यात.” आणि मशीन चालू केलं. एवढ्या जोरात धडाधडा सुरू झालं की पुढं कुणाला बोलताच येऊ नये. मी त्या बाईला नवरा गेल्यावरही रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्या पाठ फिरवून घमेल्यात मिरची भरत राहिल्या, आणि घमेलं भरलं तरी भरतच होत्या.

गाडीत बसताना केतकी माझ्याजवळ आली. विश्वजित पुढं गेला होता.

“मामा, ते ताटात नाव लिहितात, तेव्हा नवरीनं काय करायचं असतं?”

“काही नाही. लाजायचं.”

“एवढंच?”

“एवढंच,” मी म्हटलं. “आणि फोटोवाला सांगेल तेवढं.”

ती हसली नाही. पण मान हलवली.

लग्न झालं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि संध्याकाळी स्टेजवर नाव ठेवायचा कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या सोफ्यावर कोल्हापूरचा पार्टनर, शेजारी कडक फेट्यात उत्तमराव. वहिनी बायकांमध्ये मागं बसलेल्या. येणारच नव्हत्या, पण म्हणाल्या, पोराच्या लग्नाला नाही गेले तर लोक म्हणतील नावापायी रुसली. शेंडगे वकील जिलेबीच्या ताटाजवळ.

पाटावर दोघं बसली. मधे चांदीचं ताट, तांदूळ पसरलेले. मी स्टुलावर चढलो, कॅमेरा बरोबर ताटावर धरला. मागच्या एलईडी पडद्यावर ताट केवढं दिसलं म्हणता! तांदळाचा एकेक दाणा लिंबाएवढा. सगळं कार्यालय वर बघायला लागलं.

विश्वजितनं सोन्याची अंगठी घेतली.

“थांबा!” मी ओरडलो. “असं नाही. नवरीचा पण हात लावा अंगठीला.”

“तिचा कशाला?” उत्तमराव सोफ्यावरून.

“दोघांचा हात आल्याशिवाय फोटोला अर्थ नाही उत्तमराव. कोल्हापुरात सगळे असाच काढतात. पार्टनरसाहेब, खरं की नाही?”

पार्टनरला काय माहीत? पण कोल्हापूरचं नाव काढल्यावर नाही कसं म्हणणार? “हो हो, असंच असतं,” तो म्हणाला.

केतकीनं हात पुढं केला. मेंदी लावलेली बोटं विश्वजितच्या बोटांवर आली. अंगठी तांदळाला टेकली.

पडद्यावर सगळ्या गावानं बघितलं. अंगठी आधी डावीकडं वळली, ‘व’ला वळतात तशी. मग थांबली. दोघांपैकी कुणी कुणाकडे बघितलं नाही. दोन्ही हात तसेच, नखं पांढरी पडलेली, आणि मधले तांदूळ थोडे सरकले. मी स्टुलावर कॅमेरा तसाच धरून उभा. आणि मग विश्वजितचा हात ढिला पडला. पडला की त्यानं पाडला, हे मला आजवर कळलेलं नाही, आणि मी त्याला विचारलंही नाही.

पुढचं सगळं त्या पोरीनं लिहिलं. सावकाश, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं ठळक. के. त. की. वर सरळ रेघ ओढली आणि अंगठी ताटाच्या कडेला ठेवून दिली.

बायकांतून शेवंताआत्तीचा आवाज आला. उत्तमरावची आत्या, खराड्यांच्या घरातलं सगळ्यात जुनं माणूस.

“केतकी ठेवलं गं! तेच नाव ठेवलं! बरं झालं बाई, मला नवीन पाठ करायला नको!”

झालं. टाळ्या पडल्या, पेढ्यांचा बॉक्स फिरायला लागला, माझा ढोलवाला मित्र जो इशाऱ्याची वाट बघत होता त्यानं ढोल हाणला. त्याला इशारा कुणी केला, ते विचारू नका.

उत्तमराव स्टेजवर चढला. “पुसा ते! परत लिहा!”

“पुसायचं?” शेवंताआत्ती काठी टेकत उभी राहिली. “तांदळात लिहिलेलं नाव पुसत्यात व्हय रे? पोरीला घरात आणायच्या दिवशी पुसापुशी? तुझी मती गेली का?”

“आत्ती, चुकून झालंय...”

“दोघांनी हात लावून लिहिलंय. मी काय आंधळी न्हवं. एवढ्या मोठ्या पडद्यावर दाखवलंस की तूच.”

उत्तमरावनं भटजीकडे बघितलं. भटजी पेढा खात होते. तोंड भरलंय एवढीच खूण त्यांनी केली.

“बाबालाल!” तो माझ्यावर आला. “हे तुझं काम!”

“मी फोटोवाला,” मी स्टुलावरून म्हटलं. “तू सांगितलंस अक्षर न् अक्षर वाचता आलं पाहिजे. येतंय की. मागच्या रांगेपर्यंत येतंय.”

लोक हसले. कुणीतरी विश्वजितला ओरडलं, “नाव घे की नवरदेवा! उखाणा घे!”

विश्वजित उभा राहिला. वडिलांसमोर. घाम पुसला. “उखाणा मी वैजयंतीचा पाठ केलता,” तो म्हणाला. “आता दुसरा येत नाही. केतकी.”

एवढंच. पण बायका अशा हसल्या, अशा टाळ्या पडल्या, की तेवढ्या चांगल्या उखाण्यालाही कधी वाजत नाहीत.

उत्तमराव वळला आणि बायकांच्या रांगेत बसलेल्या वहिनींसमोर गेला. चेहरा लाल, फेटा कललेला.

“तुम्हीच शिकवलं हिला! आमच्या घरानं दिलेलं नाव, आणि आमच्याच घराला—”

“भावोजी,” वहिनी उठल्या. आवाज चढवला नाही. पण सगळे ऐकत होते. “तुम्ही तेव्हा लहान होता. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून आज सांगते. साखरपुड्याला तुमचे भाऊ मला विहिरीपाशी भेटले. म्हणाले, ताटात काय लिहू, मला काय सुचत नाही, तूच सांग. मला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. चौथीत असताना शाळेच्या नाटकात मी राणी झाले होते. राणीचं नाव वैजयंती. नाटक झाल्यावर आठवडाभर पोरी मला राणी वैजयंती म्हणायच्या. मग परत आक्के, शेण काढ, आक्के, पाणी आण. मी त्यांना म्हटलं, वैजयंती लिहा. लग्नात त्यांनी लिहिलं, दोनदा विचारून लिहिलं, चुकायला नको म्हणून.”

त्यांनी पदर सावरला.

“माझं नाव मी ठेवलंय. खराड्यांचे नुसते तांदूळ.”

मी मारुतीचा जिवाभावाचा दोस्त. त्याच्या लग्नात मी घोड्यापुढं नाचलो होतो. आणि एवढी गोष्ट त्यानं मलाही कधी सांगितली नव्हती. दोघांनी आपल्यातच ठेवली होती. मी इतकी वर्षं ते नाव हजार वेळा हाक मारताना वापरलं, पाकिटावर छापलं, आणि मला वाटायचं, मारुत्याला एवढं भारी नाव सुचलं कसं!

पार्टनर त्याच रात्री न जेवताच कोल्हापूरला निघून गेला. जिवंत बाई संमती देत नाही आणि घरचेच भर लग्नात भांडतायत, अशा घराशी भागीदारी नको, असं तो शेंडग्याला बोलला म्हणे. शेंडग्यानं मात्र पुढच्याच महिन्यात वहिनींकडून अर्ज भरून घेतला. आधी गॅझेट, मग नावाची नोंद. संमतीचा कागद वाचताना वहिनी हसून हसून दमल्या.

“वकील, म्हंजे मीच लिहून द्यायचं, की मी मला माझं नाव वापरायला परवानगी देते?”

“तसंच समजा.”

“आणि मी नाही दिली तर?”

“मग मी शेती करायला जातो.”

त्यांनी सही केली. वळणदार. वैजयंती मारुती खराडे. अशी सही आयुष्यात पहिल्यांदा करत होत्या, पण कुठंही अडखळल्या नाहीत. मनात किती वेळा गिरवली असंल कुणास ठाऊक.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. केतकीनं चटणीच्या कामात हात घातला, टिकाऊ कशी करायची ते तिला शिकून माहीत होतं. विश्वजित टेम्पो घेऊन माल पोचवायला लागला. घरात मन लागेना म्हणून उत्तमराव हळूहळू डंकाच्या व्हरांड्यात येऊन बसायला लागला. आधी पेपर वाचायला. मग चहाला. मग गिऱ्हाइकाला “या, बसा” म्हणायला.

मागच्या वर्षी कोल्हापुरात मोठं प्रदर्शन होतं. वहिनींचा स्टॉल होता, मी फोटो काढायला गेलो होतो. दारात वॉचमननं उत्तमरावला अडवलं. पास कुठाय, म्हणाला. मी मागंच होतो, ऐकत. उत्तमराव छाती काढून म्हणाला, “अहो, मी वैजयंती खराडेंचा दीर.”

वॉचमन एकदम उठून उभा राहिला. “चटणीवाल्या? या या साहेब, बसा.” खुर्ची दिली. सरबत मागवलं. आणि हा माणूस पायावर पाय टाकून बसला, जणू जन्मापासून हेच त्याचं नाव.

मी धावतच स्टॉलवर गेलो. “वहिनी, चला, शेंडग्याला फोन लावू. केस ठोकूया. तुमचं नोंदलेलं नाव, आणि तो परवानगी न विचारता दारावर वापरतोय!”

“कोण?”

“कोण म्हणजे? तुमचे भावोजी! वैजयंती खराडेंचा दीर म्हणून सरबत पितोय तिकडं!”

वहिनी पाकिटं मांडत होत्या. हात थांबला नाही. पण असं हसल्या, की मला चौथीतली राणी दिसल्यासारखं वाटलं.

“वापरू देत की ओ. घरचंच माणूस हाय.” मग मान वर करून म्हणाल्या, “पण त्यांना म्हणावं, नाव लावलंय तर सरबत झाल्यावर हिकडं या. टेम्पोतली खोकी उतरायची राहिल्यात.”

मी जाऊन तसंच्या तसं सांगितलं. उत्तमरावनं ग्लास खाली ठेवला, बाह्या दुमडल्या, आणि आला.